गाडी कधी सेल्फ घेते, कधी घेत नाही: फॉल्ट हजर असतानाच कसा पकडायचा

प्रश्न थोडक्यात असा: 2018 ची 150 सीसी मोटरसायकल, कार्ब्युरेटरवाली, सेल्फ आणि किक दोन्ही असलेली. सेल्फचं बटण दाबलं की कधी इंजिन झटक्यात चालू होतं, कधी नुसता ‘टक’ असा आवाज येतो, तर कधी तोही येत नाही. गाडी गरम असताना आणि पावसात भिजल्यावर त्रास जास्त. किक मारली की लगेच चालू होते. बॅटरी नवी टाकली तरी फरक नाही. गॅरेजमध्ये नेली की मात्र नेमकी सेल्फ घेते. आता रिले (बटणाच्या थोड्या करंटवर मोटरचा मोठा करंट जोडणारा स्विच) बदलावा की सेल्फ मोटर?

यापुढे मोजल्याशिवाय काहीही बदलू नका. अधूनमधून येणाऱ्या फॉल्टमध्ये पार्ट बदलून पाहण्याची मोठी अडचण ही की पार्ट बदलताना कपलर (वायरींचे जोड) काढले-लावले जातात, नट सैल करून पुन्हा आवळले जातात, आणि तेवढ्यानेच गाडी आठवडाभर नीट चालते. आपल्याला वाटतं, नवा रिले लागू पडला. आठवड्याने पहिले पाढे पंचावन्न. जो आकडा फॉल्ट हजर असताना आणि बटण दाबलेलं असताना मिळतो, तेवढाच पुरावा धरायचा. गॅरेजमध्ये गाडी ठणठणीत असताना मल्टिमीटरने काढलेले आकडे या बाबतीत जवळपास निरुपयोगी असतात.

तुमच्या वर्णनातच बरीच माहिती आहे. सेल्फ न घेतलेल्या त्याच क्षणी, कशालाही हात न लावता किकवर गाडी चालू होत असेल, तर प्लग, सीडीआय (ठिणगीचं नियंत्रण करणारा डबा), इग्निशन कॉइल, पल्सर कॉइल (ठिणगीची वेळ सांगणारी) आणि पेट्रोल या सगळ्यांना यादीतून काढून टाका. फक्त यावरून चावीचा लॉक आणि किल स्विच (हँडलवरचा, इंजिन बंद करायचा) निर्दोष सुटत नाहीत. सीडीआयला लागणारा करंट थोडा असतो. सेल्फ रिलेच्या कॉइलला सुमारे 3 अँपियर लागतात. खराब झालेला कॉन्टॅक्ट पहिल्याला पुरतो, दुसऱ्याला कमी पडतो.

‘टक’ येणं आणि अजिबात आवाज न येणं ही दोन वेगळी लक्षणं आहेत, हे आधी पक्कं करू. सेल्फची वायरिंग म्हणजे दोन स्वतंत्र सर्किटं. पहिलं बारीक वायरीचं: बॅटरी, मेन फ्यूज, चावीचा लॉक, किल स्विच, सेल्फचं बटण, क्लच आणि न्यूट्रलचे स्विच, काही गाड्यांत साइड स्टँडचा स्विच, आणि शेवटी रिलेची कॉइल. (सगळ्या गाड्यांत क्रम हाच असेल असं नाही. काहींमध्ये बटण कॉइलच्या पॉझिटिव्ह बाजूला असतं, काहींमध्ये अर्थच्या बाजूला.) दुसरं जाड केबलचं: बॅटरीचा पॉझिटिव्ह, रिलेचे दोन मोठे बोल्ट, सेल्फ मोटर, इंजिनची बॉडी, अर्थिंगची केबल आणि परत बॅटरीचा निगेटिव्ह. पूर्ण शांतता असेल तर दोष बारीक सर्किटात शोधायचा. एकच ठसठशीत ‘टक’ आला आणि मोटर फिरली नाही, तर जाड सर्किटात. ‘टक-टक-टक-टक’ असा तडतडाट म्हणजे बॅटरीचा दम संपलाय किंवा तिच्या टर्मिनलवर लूज कॉन्टॅक्ट आहे. तुमच्याकडे पहिली दोन्ही लक्षणं दिसतात. म्हणजे एक तर दोन वेगवेगळे फॉल्ट आहेत, नाहीतर दोन्ही सर्किटांत सामाईक असलेल्या जागेत एकच आहे. अशा सामाईक जागा थोड्याच: बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची केबल आणि खुद्द रिले. म्हणून सुरुवात तिथूनच.

फॉल्ट येईल त्या वेळी हातात काहीही नसलं तरी एक तपासणी करता येते. न्यूट्रलच्या हिरव्या दिव्याकडे बघत सेल्फ दाबा. दिवा तसाच लख्ख राहिला आणि आवाज आला नाही, तर करंट रिलेच्या कॉइलपर्यंत पोहोचतच नाहीये. दिवा लख्ख आणि ‘टक’ आला, तर रिले ओढला गेलाय, पण मोटर करंट खेचत नाहीये: रिलेचे आतले कॉन्टॅक्ट, मोटरकडची केबल किंवा मोटरचे कार्बन (आत घासून करंट देणारे ब्रश). दिवा एकदम मंद झाला, तर बॅटरी कमजोर आहे, मोटर जाम आहे किंवा इंजिनची अर्थिंग खराब आहे. आणि दिवा पूर्ण विझून बटण सोडल्यावर पुन्हा लागला, तर बॅटरीच्या टर्मिनलवर, फ्यूजवर किंवा चावीच्या लॉकमध्ये सांधा सुटतोय. दिव्यासोबत हॉर्नही वाजवून बघा. हॉर्न चांगलाच करंट घेतो, त्यामुळे मेन सप्लाय कितपत भक्कम आहे ते कळतं. त्याच वेळी साइड स्टँड वर घेऊन क्लच सोडून न्यूट्रलमध्ये आणि क्लच दाबून गिअरमध्ये असे दोन्ही प्रयत्न करा. दोन्हीपैकी एकाच पद्धतीने सेल्फ घेत असेल तर दोष क्लच स्विच, न्यूट्रल स्विच किंवा त्यांच्या वायरीचा. क्लचच्या लिव्हरखालचा छोटा स्विच धूळ आणि चिखलाने अडकतो. लिव्हर तीन-चार वेळा दाबल्यावर सेल्फ घेतला तर संशय तिथेच घ्यावा.

मल्टिमीटर ‘बीप’ देतो म्हणजे वायर ठीक, हा समज इथे हमखास फसवतो. 150 सीसीच्या सेल्फ मोटरला फिरताना साधारण 60 अँपियर लागतात असं धरू. वाटेत कुठे फक्त 0.05 ओमचा अडथळा आला, तरी 60 गुणिले 0.05, म्हणजे 3 व्होल्ट तिथेच जिरतात. बॅटरी 10.5 व्होल्ट देत असेल तर मोटरच्या वाट्याला साडेसात उरतात. आता 0.05 ओम साध्या मीटरवर दिसणारच नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या प्रोबचाच रोध त्याच्या कितीतरी पट असतो. बारीक सर्किटात हाच हिशेब वेगळ्या आकड्यांनी होतो: रिलेची कॉइल 4 ओमची, किल स्विचच्या काळवंडलेल्या कॉन्टॅक्टने आणखी 2 ओम घातले, तर कॉइलला 12 ऐवजी 8 व्होल्टच मिळतात. रिले कधी ओढला जातो, कधी नाही. कॉइल गरम असेल तर तिचा रोध वाढलेला असतो, मग आणखीच नाही. गाडी गरम असताना त्रास जास्त होण्यामागे हे एक कारण असू शकतं.

म्हणून रोध मोजायचा नाही. करंट वाहत असताना किती व्होल्ट वाटेत जिरतात ते मोजायचं. पाचशे रुपयांच्या आसपासचा डिजिटल मीटर यासाठी पुरतो, रेंज डीसी 20 व्होल्ट.

आधी इंजिन चालू होऊ नये याची सोय करा: प्लग कॅप काढून त्यात जुना प्लग बसवा आणि त्याची बॉडी इंजिनला घट्ट टेकवून ठेवा. कॅप नुसती लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, सीडीआय आणि कॉइलवर ताण येतो. इंजिनवरचा प्लग जागेवरच राहू द्या. गाडी न्यूट्रलमध्ये. एका वेळी 5 सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही, मध्ये 10-15 सेकंद थांबायचं.

पहिलं मोजमाप बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर. नटावर नाही आणि थिंबलवरही (केबलच्या टोकाची धातूची कडी) नाही, थेट शिशावर. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 ते 12.8 व्होल्ट हवेत. 12.2 म्हणजे बॅटरी जेमतेम अर्धी भरलेली. सेल्फ फिरताना हा आकडा 10 च्या खाली जाता कामा नये, 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी चार्ज करून पुन्हा मोजा आणि तरीही तसंच असेल तर ती बदला. नवी असली तरी. दुकानातून आणलेली बॅटरी पूर्ण चार्ज असतेच असं नाही. ॲसिड भरून तासाभरात गाडीत बसवलेली साधी बॅटरी तर पहिल्या दिवसापासून अर्धपोटी राहते. 9 अँपियर-तासांच्या बॅटरीला 0.9 अँपियरने काही तास पहिला चार्ज द्यायलाच हवा.

दुसरं मोजमाप पॉझिटिव्ह बाजूचं. लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिशावर, काळा सेल्फ मोटरच्या बोल्टवर. बटण न दाबता मीटर 12 व्होल्ट दाखवेल, बिचकू नका, रिले उघडा असल्यामुळे तसं दिसतं. बटण दाबल्यावर आकडा 0.5 च्या आत यायला हवा. जास्त असेल तर त्याच वाटेचे तुकडे करा: बॅटरीपासून रिलेच्या पहिल्या बोल्टपर्यंत, रिलेच्या एका बोल्टपासून दुसऱ्यापर्यंत, तिथून मोटरपर्यंत. रिलेच्या दोन बोल्टांमध्ये सेल्फ फिरताना 0.2-0.3 पेक्षा जास्त व्होल्ट दिसले, तर आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी खड्डे पडून गेलेत. रिले उघडून घासत बसू नका, नवा घ्या. एकच ‘टक’ आला, मोटर फिरली नाही आणि त्या क्षणी रिलेच्या दोन बोल्टांमध्ये पूर्ण 12 व्होल्ट दिसत राहिले, तर दोष रिलेचाच, शंका उरत नाही.

तिसरं निगेटिव्हचं, आणि बहुतेक जण हेच विसरतात. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह शिशावर, लाल इंजिनच्या उघड्या ॲल्युमिनियमवर, रंगावर नाही. सेल्फ फिरताना 0.2 च्या आत हवं. जास्त असेल तर अर्थिंगची केबल जिथे इंजिनला किंवा चासीला बोल्टने बसते तिथे गंज किंवा रंग आहे. खात्री करायची असेल तर गाड्यांची जंप केबल घेऊन बॅटरीचा निगेटिव्ह थेट इंजिनच्या बॉडीला जोडा. सेल्फ एकदम जोमाने फिरला तर दोष सापडला. किनारपट्टीवरच्या गाड्यांत, म्हणजे मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि खाली गोव्यात, मी सगळ्यात आधी हीच केबल खोलायला सांगतो. खारी हवा थिंबलच्या आत शिरून तांब्यावर हिरवा कळंक धरते, आणि वरून रबरी टोपी मात्र नव्यासारखी दिसते.

आता शांततेचा फॉल्ट. रिलेचा बारीक कपलर काढा आणि कॉइलच्या दोन पिनांच्या जागी 12 व्होल्ट 21 वॅटचा इंडिकेटर बल्ब दोन वायरींनी जोडा. (काही रिलेच्या कपलरमध्ये फ्यूजच्या जाड वायरीही असतात. त्या सोडायच्या, बारीक दोन घ्यायच्या.) हा बल्ब पावणेदोन अँपियर खेचतो, म्हणजे सर्किटवर खरा भार पडतो. सात-आठ तारांच्या वायरीतली एकच तार शाबूत असली तरी मीटर 12 व्होल्ट दाखवून मोकळा होतो, बल्ब मात्र मंद पेटून खरं सांगतो. बटण दाबून धरा, बल्ब पेटलेला ठेवा, आणि मग एकेक जागा हलवा: हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, चावी लॉकमध्ये हलकेच खालीवर, किल स्विच दहा-बारा वेळा चालू-बंद, फ्यूज होल्डर दाबून, हेडलाइटमागचे कपलर एकेक धरून. बल्ब ज्या हालचालीला मिणमिणतो तिथे थांबा.

हँडलच्या हालचालीला मिणमिणला तर स्टिअरिंगच्या गळ्यापाशी वायर आतून तुटलेली असते. वरचं प्लॅस्टिक शाबूत, आतली तांब्याची तार तुटलेली. अशी वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढली की तेवढाच तुकडा रबरासारखा ताणला जातो, धड वायर ताणली जात नाही. तो तुकडा कापून त्याच जाडीची वायर सोल्डर करा, वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा आणि सांधा वाकणाऱ्या जागेपासून दूर ठेवा. नुसता पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला सांधा इंजिनच्या उष्णतेने चिकट होतो, पावसात पाणी धरतो आणि पुढच्या वर्षी नवा फॉल्ट देतो.

किल स्विच आणि सेल्फचं बटण उजव्या हँडलच्या एकाच डबीत असतात. दोन स्क्रू काढून डबी उघडा, पण सावकाश: आत स्प्रिंग आणि छोटी गोळी असते, ती एकदा उडाली की शोधणं अवघड. कॉन्टॅक्ट काळे झाले असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे मारून जाड कागदाच्या पट्टीने पुसा, फारच खराब असतील तर 600 नंबरच्या पॉलिश पेपरचा एक हलका हात. मग डायइलेक्ट्रिक ग्रीस अगदी पुसट. गंज सोडवायचा साधा स्प्रे मारला की दोन दिवस बरं वाटतं, नंतर त्याच्यावरच धूळ बसते. चावीच्या लॉकमध्ये तेल ओतण्याची सवयही वाईट. लॉकच्या खालच्या बाजूला कॉन्टॅक्टची प्लेट असते, तेल आणि धूळ मिळून तिच्यावर थर बसतो.

मेन फ्यूज बाहेर काढून उजेडात बघा. पत्तीला केसाएवढी चीर असते, थंड असताना जुळते, गरम झाल्यावर सुटते. होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल तर पिना सैल झाल्यात. नुसता फ्यूज बदलून भागणार नाही, होल्डर बदला. फ्यूजच्या जागी वरच्या अँपियरचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला वायरिंगला हात लावू देऊ नका.

गॅरेजमध्ये गाडी शहाणी होते, तर फॉल्ट मुद्दाम आणावा लागतो. गरम असतानाच्या फॉल्टसाठी वीसेक मिनिटं गाडी चालवून बंद करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. हवा लागणं थांबल्यामुळे इंजिनची धग मोटरमध्ये उतरते. मग मोजा. पावसाच्या फॉल्टसाठी झाडांना मारायच्या फवाऱ्यात साधं पाणी घ्या आणि एका वेळी एकाच जागेवर मारा: आधी उजव्या हँडलची डबी, मग क्लच स्विच, मग चावीचा लॉक, मग सीटखालचे कपलर. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर काहीच कळत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप नेमकं तेच करतो, म्हणून गाडी धुतल्यावर लगेच आलेला फॉल्ट शोधायला सगळ्यात त्रासदायक.

आणि तरीही हाती लागत नसेल, तर पहारा बसवा. 12 व्होल्टचा मीटरमधला छोटा बल्ब (2-3 वॅट) रिलेच्या कॉइलच्या दोन पिनांना समांतर जोडा, कपलर जागेवरच ठेवून, आणि लांब वायरीने तो टाकीपाशी दिसेल असा टेपने लावा. दोन्ही पिनांना जोडल्यामुळे बटण पॉझिटिव्ह बाजूला असो वा अर्थच्या, बल्ब काम देतोच. आता रोज गाडी वापरा. ज्या दिवशी सेल्फ घेणार नाही त्या दिवशी बल्ब बघा. बल्ब विझलेला: लॉक, स्विच किंवा त्यांची वायर. बल्ब मंद: त्याच वाटेत अडथळा. बल्ब लख्ख आणि आवाज नाही: रिलेची कॉइल. बल्ब लख्ख, ‘टक’ आला, मोटर नाही: जाड सर्किट. चाळीस-पन्नास रुपयांत होणारा हा प्रकार मला महागड्या स्कॅनरपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. तुमच्या कार्ब्युरेटरच्या गाडीला स्कॅनर लावण्यासारखं तसंही काही नाही.

राहिली सेल्फ मोटर. ‘टक’ आला, मोटरच्या बोल्टवर आणि इंजिनच्या बॉडीमध्ये मोजल्यावर 11-12 व्होल्ट मिळतायत आणि तरी ती हलत नाही, तर दोष मोटरमध्येच आहे. त्याच वेळी लाकडी मुठीने मोटरवर हलकेच टकटक केल्यावर फिरली, तर कार्बन झिजलेत किंवा होल्डरमध्ये अडकलेत. हातोडी मारू नका. आतले चुंबक ठिसूळ असतात, तडकले की मोटर भंगारात. गरम मोटर जास्त अडते याला आणखी एक साधं कारण आहे: तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो, 60 अंश तापली की जवळपास चोवीस टक्के. कार्बन शेवटच्या टप्प्यावर असतील, स्प्रिंगचा दाब उरला नसेल, तर एवढी वाढ पुरेशी होते. मोटर खोलताना वॉशरचा क्रम फोटो काढून ठेवा. कार्बनची काळी भुकटी ब्रशने झाडा, आर्मेचरचा (मोटरचा आतला फिरणारा भाग) तांब्याचा भाग बारीक पॉलिश पेपरने उजळा, पट्ट्यांमधल्या फटी साफ करा. पट्टी आणि शाफ्ट यांच्यामध्ये मीटरने बीप दिला तर आर्मेचर शॉर्ट आहे. आत इंजिन ऑइल उतरलेलं दिसलं तर सील आणि ओ-रिंग बदलल्याशिवाय नवे कार्बन घालू नका, महिन्याभरात तेही चिकटतील. केबल परत लावताना मोटरच्या बोल्टचा आतला नट पान्याने धरून मगच वरचा आवळा, नाहीतर बोल्ट गरकन फिरतो आणि आतला सांधा तुटतो.

मोटर जोरात ‘घर्रर’ फिरते पण इंजिन फिरत नाही, असं कधी झालं तर तो वन-वे क्लच (मोटरची फिरकी इंजिनला देणारा भाग), म्हणजे मेकॅनिकल काम. वायरिंगला हात लावायची गरज नाही.

सगळं जुळल्यावर चार्जिंग एकदा तपासा, नाहीतर नव्या बॅटरीचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. 2017 च्या एप्रिलपासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच असतो, त्यामुळे सिग्नलवर थांबत थांबत जाणाऱ्या छोट्या फेऱ्यांत बॅटरीत भर कमी पडते. इंजिन 4,000-5,000 आरपीएमवर ठेवून बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळायला हवेत. 13 च्या आसपासच अडकले तर कॉइल प्लेट (इंजिनमधली करंट तयार करणारी) किंवा रेक्टिफायर (तो करंट बॅटरीजोगा करणारा) किंवा त्यांच्यामधला कपलर (तो जळून पिवळा-तपकिरी पडलेला बऱ्याचदा सापडतो). 15 च्या वर गेले तर रेक्टिफायर लगेच बदला. चावी बंद ठेवून निगेटिव्हमध्ये मीटर मिलिअँपियरवर लावा, आधी 10 अँपियरच्या रेंजवर खात्री करून; या स्थितीत चावी किंवा सेल्फ चुकूनही दाबू नका, मीटरचा फ्यूज जाईल. एक-दोन मिलिअँपियर घड्याळासाठी ठीक. जीपीएस ट्रॅकर किंवा अलार्म 50 मिलिअँपियर पीत असेल, तर 9 अँपियर-तासांची बॅटरी चार दिवसांच्या आतच अर्धी होते.

एक सावधगिरी रस्त्यावरची. रिलेचे कॉन्टॅक्ट कधी कधी वितळून चिकटतात आणि बटण सोडलं तरी मोटर फिरतच राहते. चावी बंद करून ती थांबत नाही, कारण जाड सर्किटात चावी नसतेच. अशा वेळी 10 नंबरचा पाना, किंवा टर्मिनलला स्क्रू असेल तर स्क्रू ड्रायव्हर, घेऊन ताबडतोब बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा. ही हत्यारं सीटखाली हाताशी असू द्या.